नोएमीचं लांबलचक वाक्य

माझी नात नोएमी, तीन वर्षांची. फुप्फुसं जन्मापासूनच कच्ची. चार हजार मीटर उंच डोंगरावरच्या आमच्या एल आल्तोत हवा विरळ, म्हणून नाकात कायम ऑक्सिजनची नळी. डॉक्टर म्हणाले, हिला खाली सपाटीवरच्या सांताक्रूझ शहरात मावशीकडे ठेवून बघा, तिथली हवा दाट आहे. तिची आई, म्हणजे माझी लेक मार्लेने, लगेच विमानाच्या तिकिटांच्या मागे लागली. मी अडून बसले.

"अगं, चढण चढली तरी धाप लागते पोरीला. आणि तू थेट ढगांवर नेतेस?"

"आई, डॉक्टर शिकलेले आहेत."

"असतील. डोंगर मी चढलेय!"

शेवटी मीही निघाले, पण अट घालून. पोर कोमेजली तर लगेच परत. खरं सांगते, मला ती परतच हवी होती. घरी मी आणि म्हातारा, दोघांचा सगळा जीव तिच्यात.

विमानात तिला माझ्या पाठीवरच्या झोळीतून उतरवायला लावलं. "पाच पोरं वाढवली या पाठीवर, एक पडलं नाही," मी हवाई सुंदरीला ऐकवलं. ती गोड हसली आणि पट्टा बांधून गेली.

विमान उठलं तशी मी, उंचावर चक्कर येऊ नये म्हणून आम्ही चघळतो ती कोकाची पानं गालात धरून डोळे मिटले. थोड्या वेळाने मार्लेनेने मला हलवलं. नोएमीच्या बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा होता, त्यातला आकडा वर चढत होता. नळी तीच, ऑक्सिजन तेवढाच.

"बिघडला मेला," मी म्हटलं. दुसऱ्या बोटाला लावून पाहिला, तेच.

"आजी, विमानात हवा दाबून भरतात," हवाई सुंदरी म्हणाली. "तुमच्या गावापेक्षा इथे दाट आहे."

एवढ्यात नोएमी खिडकीला नाक लावून ओरडली, "आजी बघ ढग खाली पडलेत आणि तो आपला डोंगर एवढुसा झालाय त्याला टाटा कर ना!"

एवढं लांबलचक वाक्य, एका दमात! घरी ती दोन शब्द बोलायची नि थांबायची. मला वाटायचं, पोर अबोल आहे. ज्या गावाचा मला एवढा तोरा, तिथे तिला बोलायलाही श्वास पुरत नव्हता. मला रडू आवरेना.

विमान उतरेपर्यंत तिची टकळी चालूच होती. बाहेर उकाड्याने माझा जीव कासावीस झाला.

"आई, तुझी परत न्यायची अट होती," लेक घाबरत म्हणाली. "काय करायचं?"

"मी उद्या एकटीच वर घरी जाईन. मग फोन करून रडेन, पोरीला आण म्हणेन, शिव्यासुद्धा देईन." मी तिचा हात घट्ट धरला. "माझं ऐकायचं नाही. कळलं?"