कॉफीतले थेंब

'घर ताळ्यावर' ही मालिका दर रविवारी संध्याकाळी साडेसातला लागायची. आई सातलाच केस विंचरून, साडी बदलून सोफ्यावर बसायची. मालिकेतली मंडळी आमच्याकडेच येणार आहेत, असा थाट. गोष्ट एका घराची. घरातल्या काकांना स्किझोफ्रेनिया आहे आणि बाकीचे त्यांना सांभाळता सांभाळता स्वतःच भंजाळतात. मालिका विनोदी, पण मध्येच असं काही दाखवतात की घास घशात अडकतो. माझ्या आईलाही तोच आजार आहे, त्यामुळे ती चॅनल बदलेल असं मला वाटलं होतं. तिने पहिला भाग शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाली, "चला, एकदाचं आपलं घर टीव्हीवर आलं."

मी म्हणते, आजार आहे. आई म्हणायची, होता.

सांगलीला असताना तिला वाटायला लागलं की आपल्या जेवणात कोणीतरी काहीतरी घालतंय. आधी शेजारणीवर संशय, मग बाबांवर. बाबा गेल्यावर मी तिला बंगळुरूला, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या माझ्या फ्लॅटवर आणलं, तेव्हा माझ्यावर. मी तिचे हात हातात घेऊन शंभर वेळा सांगितलं, "आई, कोणी काही घालत नाही गं. हा आजार आहे." गोळ्या ती जिभेखाली ठेवायची आणि बाल्कनीतल्या कुंडीत थुंकायची. शेवटी डॉक्टरांनी थेंबांचं औषध दिलं. म्हणाले, "दोन-तीन आठवडे कॉफीतून द्या. शांत झाल्या की त्यांना खरं सांगा. सांगायचंच आहे, टाळू नका."

आई महिन्याभरात शांत झाली. झोपू लागली, जेवू लागली, भाजीवाल्याशी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये हुज्जत घालू लागली. आणि मी टाळलं. ऑफिसातला हा सॉफ्टवेअरचा रिलीज होऊ दे, दिवाळी होऊ दे, तिचा वाढदिवस होऊ दे. ऑफिसात मी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका त्यांच्या तोंडावर काढते, तोच माझा पगार आहे. घरात मात्र जीभ टाळ्याला चिकटायची. असे एकोणीस महिने गेले. बाटली माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत असायची आणि संध्याकाळची कॉफी मीच करायचे. आई कौतुकाने सांगायची, "आसावरी कितीही दमून आली तरी माझी कॉफी चुकवत नाही."

त्याहून मोठ्या कौतुकाने ती दुसरी गोष्ट सांगायची. लिफ्टमध्ये, बागेतल्या बाकावर, जो ऐकेल त्याला. "गोळ्या फेकून दिल्या मी. मनाच्या जोरावर बरी झाले." हे सांगताना तिची मान ताठ व्हायची. मला ऐकवत नसे, आणि ती मान खाली घालायला लावायची हिंमतही नव्हती.

त्या रविवारी समोरच्या फ्लॅटमधल्या प्रियदर्शनीअक्का नेहमीप्रमाणे मालिका बघायला आल्या. त्या सीमेवरच्या निपाणीच्या, मराठीत कन्नड मिसळून बोलणाऱ्या. बोलायला लागल्या की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. मी तीन कप कॉफी आणली आणि आईचा कप तिच्या उजव्या हाताशी ठेवला.

मालिकेत त्या दिवशी काकांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते. आणि तिथे कळलं की घरातले काकांना न सांगता श्रीखंडातून औषध देतात. मी चॅनल बदलायला हात पुढे केला. रिमोट आईच्या मांडीवर होता. गोंधळात काकांची वाटी गेली मुलाच्या वडिलांकडे. मानपानाचं बोलता बोलता ते गृहस्थ पेंगायला लागले. "आमची एकच अट आहे," असं म्हणून जे घोरायला लागले, ते थांबेचनात. आई हसून हसून डोळे पुसत होती.

"अय्यो, झोपलाच की ओ तो!" अक्का मांडीवर थाप मारत म्हणाल्या. डोळे टीव्हीवर, आणि हात गेला आईच्या कपाकडे.

"अक्का, तो नको!" मी ओरडले. नुसती ओरडले नाही, उठून त्यांच्या हातातून कप ओढला. अर्धी कॉफी सतरंजीवर सांडली.

"काय झालं ग? उष्टा हाय काय?" अक्का गोंधळून म्हणाल्या.

टीव्हीवर पाहुणे घोरत होते. आई माझ्याकडे बघत होती. मग कपाकडे. मग परत माझ्याकडे. हसण्याने आलेलं पाणी अजून तिच्या गालावर होतं. तिने रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

अक्कांना काय समजायचं ते समजलं असावं. "सरी, मी येतो मग," असं पुटपुटत त्या गेल्या.

"किती दिवस?" आईने विचारलं.

थाप मारायची सवय अंगात इतकी मुरलेली, की तेव्हाही 'आजच' असं तोंडावर आलं होतं. मी म्हणाले, "एकोणीस महिने."

"म्हणजे मी बरी झालेच नव्हते."

"झाली होतीस गं. औषधानेच का होईना..."

"सगळ्यांना सांगत फिरले मी," ती म्हणाली. "आणि तू शेजारी उभी राहून ऐकत होतीस."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. पण ती उठून खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

दुसऱ्या दिवसापासून तिने घरातलं खाणं सोडलं. खाली जाऊन शहाळं समोर फोडून घ्यायची, केळी आणायची, बिस्किटांचा पुडा स्वतः फोडायची. पाणीसुद्धा दुकानातल्या सीलबंद बाटलीचं. औषध अर्थातच बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोळे तारवटलेले होते आणि ती दाराच्या भिंगातून बाहेर बघत उभी होती. सांगलीचे दिवस मला आठवले. आता ही परत त्यात गेली तर या वेळी परत कशी आणायची? 'हा आजार आहे' हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्या मालिकेच्या लेखकाला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की त्याला ठसका लागला असेल. पण त्याने लिहिलं ते खोटं कुठे होतं? खोटी मी होते.

डॉक्टरांना फोन केला. ते माझ्यावर चिडले, आणि बरोबर चिडले. "आजच्या आज बाटली त्यांच्या हातात द्या," म्हणाले.

मी बाटली टेबलावर ठेवली. "हे ते औषध. पंधरा थेंब असतात. आता मी हात लावणार नाही. तूच ठरव." मग मला रडू फुटलं. "मला फक्त तू पुन्हा तशी व्हायला नको होतीस, आई."

तिने चष्मा लावला, खोक्यातला कागद उलगडला आणि बराच वेळ वाचत बसली. 

पुढच्या दिवशी मी ऑफिसातून आले, तर ती ओट्यापाशी उभी होती. स्वतः कॉफी करून, ओठ हलवत थेंब मोजत होती. पंधरा झाले, तिने बाटलीला झाकण लावलं.

"मलाही परत तसं व्हायचं नाही," ती म्हणाली. "औषध मी घेईन. पण तुझ्या हातचं खाणार नाही. कधीपर्यंत, ते विचारू नकोस."

मी मान हलवली. मला हवं ते मिळालं होतं. एकोणीस महिने ज्या गोष्टीची भीती वाटत होती, ती झालीच नाही. आई स्वतःहून औषध घेत होती. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून मी का रडले, ते कळायला मला फार विचार करावा लागला नाही.

रविवारी दुपारी तिने दोघींचा स्वयंपाक केला. वरण-भात, मेथीची भाजी, ताकाची कढी. आठवड्याने घरात फोडणीचा वास आला. माझं ताट वाढून तिने समोर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसली. स्वतःला वाढून घेतलं नाही. हाताची घडी घालून ती माझ्याकडे बघत राहिली.

"जेव," ती म्हणाली.

मी भात कालवला. घास उचलला. आणि माझा हात थांबला. फार नाही, एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच. मी घाईघाईने घास तोंडात घातला, पण तिने बघितलं होतं.

"असंच व्हायचं मला," आई म्हणाली. "रोज, प्रत्येक घासाला. आणि तू माझे हात धरून सांगायचीस, कोणी काही घालत नाही."