भिंतीपलीकडची गिरणी

माझा उजवा खांदा गेल्या दिवाळीत गेला. चाळीस वर्षं त्यानं ढोलाचा पट्टा वाहिला, काठी उचलली, आणि एका सकाळी सदऱ्यात हात घालताना तो छातीच्या वर जाईना. जालन्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून बघितला. म्हणाले, "चाचा, वाटी झिजली. चमचा धरा, पेन धरा. ढोल बंद."

आमची बँजो पार्टी जाफराबादची. बँजो, कॅसिओ, ताशे आणि ढोल, स्पीकर छोटा हत्ती म्हणतात त्या टेम्पोवर मांडायचे आणि लग्नात नवरदेवाच्या पुढं चालायचं. पार्टी मी उभी केली, आता माझा मुलगा नोमान चालवतो. माझ्या ढोलावर त्यानं बबलूला घेतलं. बबलू चांगला वाजवतो, जरा जास्तच वाजवतो. मी दोन लग्नांत नुसता गाडीच्या मागं चाललो. लोक म्हणाले, चाचा, उन्हात कशाला, बसा, जेवून घ्या. वाजवणारे सगळ्यांच्या शेवटी जेवतात. चाळीस वर्षं मी शेवटी जेवलो. पहिल्या पंगतीत बसलो आणि अर्ध्या ताटावरून उठलो.

एक गिटार आमच्या घरात आधीपासूनच होता. संभाजीनगरची एक ऑर्केस्ट्रा पार्टी बंद पडली, तेव्हा नोमाननं त्यांचे स्पीकर घेतले, आणि त्या सामानात हाही आला. लांब मानेचा, चारच तारांचा. बेस गिटार म्हणतात त्याला. पार्टीतल्या सगळ्यांनी तो एकेकदा वाजवून पाहिला आणि ठेवून दिला, कारण त्यातून गाणं निघत नाही, नुसतं घुम् घुम् होतं. मग तो खुंटीवर गेला आणि माझी बायको कमरुन्निसा त्याच्या मानेवर जेवताना अंथरायचा दस्तरखान धुऊन वाळत घालायला लागली.

रमजान ईद झाल्यावर एका दुपारी मी तो दस्तरखान काढला आणि गिटार मांडीवर घेतला.

"आता हे काय करून राह्यले तुम्ही?" कमरुन्निसा म्हणाली.

"पाहून राह्यलो."

"पाहा. पण दस्तरखान कुठं वाळू घालू ते सांगा आधी."

संध्याकाळी मी नोमानला म्हणालो, मला हा शिकायचा आहे. खांदा लागत नाही, नुसती बोटं लागतात. स्टुलावर बसून गाडीवर वाजवीन. नोमाननं बुटाची नाडी सोडली. मग म्हणाला, "अब्बा, लोक मोबाईलवर व्हिडिओ काढतात. एक चूक झाली की गावभर जाते."

"मला एक संधी दे."

"बरं. पुढच्या महिन्यात शेजारच्या शीतलचं लग्न आहे. घरचंच लग्न, चुकलं तरी कोणी नावं ठेवणार न्हाई. तिच्या परण्यात वाजवून दाखवा. जमलं तर गाडीवर तुमची जागा. न्हाई जमलं तर मंग घरी आराम, आणि पुन्हा हा विषय न्हाई."

परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेव मारुतीला जातो आणि तिथून वाजतगाजत मांडवात येतो, ते. शीतल ही शेजारच्या पुष्पाबाईची मुलगी. पुष्पाबाई नवरी होऊन या घरात आली त्या परण्यात ढोल मीच वाजवला होता, तिच्या नणंदांच्याही मीच. त्या घराचं लग्न आणि मी गाडीच्या मागं, हे मला सोसलं नसतं. मी नोमानला हो म्हणालो.

शिकवायला बसली ती नोमानची मुलगी मदीहा. तिला काही तो वाजवता येत नव्हता. ती मोबाईलवर बघायची आणि मला सांगायची. अकरा वर्षांपूर्वी ती दुसरीत होती, मी अठ्ठावन्नचा होतो, आणि तिच्या पाटीवर तिनंच मला अक्षरं शिकवली. तिची शाळा मराठी, म्हणून मला आलेली अक्षरंही मराठी. घरात आम्ही उर्दू बोलतो, पण हे सगळं मी मराठीत लिहितो आहे त्याचं कारण एवढंच. आता ती कॉलेजात आहे. शिकवण्याची पद्धत मात्र तीच. चुकलं की ओरडत नाही, फक्त "पुन्हा" म्हणते.

तारांची नावं इंग्रजी अक्षरांत होती. ती मला येत नाहीत. मदीहानं विचार केला आणि तारांना घरातली नावं दिली. सगळ्यात जाड ती दादी, मग अब्बू, मग अम्मी, आणि सगळ्यात बारीक ती स्वतः.

"म्हणजे जाड मी का?" कमरुन्निसा आतून म्हणाली.

"जाड न्हाई, दादी. भारी."

"तेच झालं की."

पहिले आठ दिवस मी ढोलच वाजवत होतो. हात सवयीचा, तारेवर थापच पडायची. ढोलावर थाप मारली की आवाज आपोआप विरतो, मग दुसरी थाप. तार तशी नाही. ती वाजतच राहते आणि पुढच्या सुरात घुसते. तिला हातानं गप्प करावं लागतं. वाजवायला मला आठ दिवस लागले, गप्प करायला पंधरा. बोटांची साल निघाली. कमरुन्निसानं हळद-तेल लावलं आणि लावताना म्हणाली, "साठीत अक्षरं शिकले, सत्तरीत गिटार. ऐंशीत काय, मोटरसायकल?"

स्पीकर ठेवला होता पुष्पाबाईच्या आणि आमच्या मधल्या भिंतीला टेकवून. चौथ्या-पाचव्या दिवशी पुष्पाबाई दारात आली. मला वाटलं, त्रास होतो म्हणून सांगायला आली.

"महेमूदभाऊ, तुम्ही गिरणी टाकली का?"

"गिरणी?"

"आमच्या आत्याबाई म्हणून राह्यल्या, महेमूदनं घरात पिठाची गिरणी टाकली. मी म्हणलं, न्हाई हो. तर मला भिंतीपाशी नेऊन पाठ टेकवायला लावली. भिंत खरंच हालून राह्यली."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, झुंबरबाई. वय पंचाऐंशीच्या पुढं. नऊ वर्षांपासून त्यांना काहीच ऐकू येत नाही. दारात फटाके फुटले तरी त्या वाती वळत बसतात. पण भिंतीतून येणारी घुमघुम त्यांच्या पाठीला कळत होती. पुष्पाबाईनं त्यांना हातवारे करून गिटार समजावला. त्या म्हणाल्या, काही का असंना, गिरणी चांगली आहे, पण अडकत अडकत चालते.

तेव्हापासून रोज दुपारी त्या आमच्या भिंतीला पाठ लावून बसायच्या आणि पुष्पाबाई संध्याकाळी त्यांचा निरोप आणायची. आज गिरणी दोनदा बंद पडली. आज दळण जाड आलं. मदीहा आणि मी त्या निरोपाची वाट पाहायला लागलो. नोमान विचारायचा नाही, पण निरोप यायच्या वेळी तो अंगणात काहीतरी पुसत असायचा.

खरी अडचण पडद्यांची, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांची होती. कुठल्या पडद्यावर बोट ठेवायचं त्यासाठी गिटाराच्या मानेवर बारीक ठिपके असतात. माझ्या नजरेला ते दिसत नव्हते. बोट दोन पट्ट्यांमधलं एक घर इकडं पडलं की सूर बिघडे. मदीहा उठली आणि पुष्पाबाईकडून टिकल्यांचं पाकीट घेऊन आली. लग्नासाठी घेतलेल्या टिकल्या, चांगल्या मोठ्या. वरून दिसतील अशा तिनं मानेच्या कडेला चिकटवल्या. तिसऱ्या घराला लाल, पाचव्याला हिरवी, सातव्याला पिवळी. मग काम सोपं झालं. दादी लाल, अब्बू लाल, अब्बू हिरवी, पुन्हा दादी लाल. परण्याची सबंध चाल एवढ्यात बसत होती.

पुष्पाबाई बघून गेली आणि जाताना म्हणाली, "भाभी, आमच्या शीतलच्या आधी तुमच्या गिटाराचंच लग्न लागन असं दिसतंय."

लग्नाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी निरोप आला. "आत्याबाई म्हणल्या, आज गिरणी बराबर चालली." मदीहा पहिल्यांदाच "पुन्हा" म्हणाली नाही.

लग्न वैशाखातलं, गोरज मुहूर्ताचं. पाच वाजता ऊन होतं तसंच होतं. छोट्या हत्तीवर जनरेटर, स्पीकर, कॅसिओ, आणि मागच्या कोपऱ्यात माझं स्टूल. कॅसिओवाला सोडून बाकीचे पायी. मारुतीपासून निघालो आणि पहिली गल्ली सगळं ठीक गेलं. दादी लाल, अब्बू लाल, अब्बू हिरवी. पोरं नाचत होती, घोडा जागच्या जागी पाय आपटत होता. नोमाननं बँजो वाजवता वाजवता दोनदा मागं वळून पाहिलं. दुसऱ्यांदा तो पुढं बघताना जरा सैल दिसला.

मशिदीच्या अलीकडच्या विजेच्या खांबापासून पलीकडच्या कडुलिंबापर्यंत आम्ही वाजवत नाही. गमीच्या, म्हणजे कुणी वारलेल्या घरासमोरही वाजवत नाही. तिथं पूर्वी मी काठी वर करायचो आणि सगळे थांबायचे. आता बबलूनं काठी वर केली. वाजणं थांबलं, दुपारनंतरची, अस्रची नमाज चालू होती, वरात पायांच्या आवाजानं पुढं सरकत राहिली. मी घाम पुसायला हात वर केला आणि पाहिलं तर माझ्या अंगठ्याला लाल टिकली चिकटलेली. हिरवी गाडीच्या पत्र्यावर पडलेली. पिवळीचा पत्ताच नव्हता. उन्हानं आणि घामानं त्यांचा डिंक सुटला होता. गिटाराची मान कोरी.

लिंब आला. बबलूची काठी खाली आली आणि सगळे सुरू झाले. मी बोट ठेवलं, ते कुठं पडलं कळेना. आवाज असा आला की मीच दचकलो. मी तारांवर तळहात ठेवला आणि त्या दाबून धरल्या.

मला वाटलं, आता सगळी वरात थांबून माझ्याकडं बघेल. कुणीही बघितलं नाही. पोरं तशीच नाचत होती. ढोल चालला होता, बँजो चालला होता. मी स्टुलावर गिटार घेऊन नुसता बसलो होतो, आणि त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. चूक झाली असती तर मी सोसली असती. हे जड गेलं. मनात आलं, नोमानचं खरं आहे, आपण हौस करतो आहोत, आणि घरच्या लग्नात लोक आपली हौस चालू देत आहेत. सबंध एक गल्ली मी असा आलो.

मांडवाच्या दारात गाडी थांबली. दारात ओवाळेपर्यंत तिथंच उभं राहून वाजवायचं असतं. झुंबरबाईंना दाराशी खुर्ची टाकून बसवलं होतं. त्या उठल्या. काठी टेकत गर्दीतून गाडीपाशी आल्या. लोकांना वाटलं, नवरदेव बघायला आल्या, म्हणून वाट दिली. त्यांनी नवरदेवाकडं पाहिलं नाही. गाडीवरच्या मोठ्या स्पीकरवर उजवा तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि माझ्याकडं तोंड करून विचारलं. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो. ढोलावरूनही तो नोमानपर्यंत गेला.

"महेमूद, गिरणी बंद का रे?"

पुष्पाबाई ताट घेऊन धावत आली. "आत्याबाई, इकडं या, ओवाळायचंय."

त्यांनी हात काढला नाही. "नऊ वर्षांत आज लग्न ऐकायला मिळंन म्हणून बसले मी. अन् हा बंद करून बसला."

मी मोकळ्या तारेवर सुरुवात केली. मोकळ्या तारेला टिकली लागत नाही. नुसती दादी, एक ठोका, आणि हातानं गप्प. झुंबरबाईंचा तळवा स्पीकरवर होता, मनगटावरच्या हिरव्या बांगड्या मला दिसत होत्या. तिकडं बघत राहिलो म्हणून मानेकडं बघायचं राहून गेलं, आणि दोन-चार फेऱ्यांनी बोट आपलं आपण तिसऱ्या घरात जाऊन बसलं. मग अब्बूवर. मग पाचव्यात. दीड महिना मला वाटत होतं की मी टिकल्या बघून वाजवतो. बोटानं अंतर कधीच मोजून ठेवलं होतं. दोन ठिकाणी चुकलो, तिसऱ्या ठिकाणी चुकता चुकता राहिलो. झुंबरबाई मान हलवायला लागल्या, ठोक्यावर, अगदी ठोक्यावर. शीतल वरच्या खिडकीतून बघत होती, मुंडावळ्या बांधलेली, आणि आजीला बघून रडत होती की हसत होती, ते लांबून कळलं नाही.

ओवाळणं झालं, नवरदेव आत गेला. झुंबरबाईंनी मग हात काढला आणि पुष्पाबाईला म्हणाल्या, "चल. आता जेवण वाढा त्याला."

आम्ही शेवटच्या पंगतीत बसलो, मी, बबलू आणि नोमान. नोमाननं वरणात पोळी कुस्करली.

"अब्बा, लिंबापासून मांडवापर्यंत तुम्ही वाजवलंच न्हाई."

"न्हाई."

"मला कळलं न्हाई."

"मला माहीत आहे."

"पार्टी माझी. मला कळायला पाह्यजे होतं." त्यानं माझ्या ताटात स्वतःच्या हातानं बुंदी वाढली. "परवा धावड्याला लग्न आहे. सकाळी सातला निघायचंय. टिकल्या नका लावू."

"मदीहानं आणल्या होत्या."

"मी सांगतो तिला."

धावड्याला निघायच्या सकाळी मी पावणेसातला गिटार घेऊन बाहेर आलो. पुष्पाबाईच्या दारात मांडवाचे बांबू काढत होते. नोमान गाडीवर चढला होता. माझं स्टूल वळणावर घसरतं, हे त्यानं शीतलच्या परण्यात पाहिलेलं असणार. स्टुलाचे चारही पाय तो सुतळीनं गाडीला बांधत होता, पक्की गाठ मारून.