नग एक

देवेशने अंगठा चौथ्यांदा शर्टाला पुसला आणि गेटावरच्या मशीनवर ठेवला. मशीन तांबडं झालं. ‘इन-एंट्री सापडली नाही.’

“तू आत आलाच न्हाईस,” केबिनमधून पंढरीकाका म्हणाला.

“मग समोर उभा कोन हाय?”

“ते मी कसं सांगू? मी वॉचमन हाय.”

पंढरीकाका देवेशच्या वडिलांचा चुलतभाऊ. त्यांच्या गावच्या, दिघाशीच्या, तळ्यात देवेशला पोहायला त्यानेच शिकवलं होतं. सकाळी मशीन बंद होतं, म्हणून त्याने पुतण्याला नुसतं तोंड बघून आत घेतलं. आता मशीन सुरू झालं होतं आणि तोंड बाद झालं होतं.

तसं वडपे गावातलं हे गोडाऊन उभं होतं देवेशच्या वडिलांच्याच, म्हणजे दाजींच्या, भातखाचरावर. विकताना दाजींनी करारात अट घातली होती : घरातल्या एका मुलाला कायमची नोकरी. त्यामुळे विहीर, बांध, दोन आंबे आणि देवेश यांची नोंद एकाच कागदावर झाली. आंबे तोडले. विहीर बुजवली. देवेश सहा वर्षं टिकून होता. घरी त्याने राजीनाम्याचं एकदाच काढलं, तेव्हा दाजींनी शांतपणे विचारलं होतं, “मंग जमीन परत देतील का ते?”

उद्या सकाळी नऊला त्याला पुण्यात दुसऱ्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. घरी कोणालाच ठाऊक नव्हतं. कल्याणहून पाचची गाडी होती आणि साडेतीन वाजून गेले होते.

“काका, दाढ दुखतेय. कल्याणला डॉक्टरकडं जाऊन येतो.”

पंढरीकाकाने त्याच्या पाठीवरच्या फुगलेल्या बॅगेकडे पाहिलं.

“मोठी दाढ हाय,” तो म्हणाला.

काकाने सुपरवायझरला फोन लावला. मशीनवाला उद्या येईल, असं तिकडून कळलं. तोवर जे आत आलेले नाहीत, त्यांनी आतच थांबावं.

मागे मुदस्सिरचा टेम्पो हॉर्न वाजवत होता. कापडाचे तागे घेऊन तो कल्याणलाच निघाला होता.

“चाचा, इसको माल में डाल दो ना! मला बी उशीर होतोय.”

मुदस्सिर हसला. पंढरीकाका हसला नाही. मालाला अंगठा लागत नाही, नुसता गेटपास लागतो. त्याने चष्मा चढवला आणि एक कच्चा कागद ओढला.

“मालाचं नाव?”

“काका, आता मस्करी नको.”

“नाव.”

“देवेश.”

“नग एक. वजन?”

“बासष्ट.”

“आलास तवा सत्तर होतास.” त्याने लिहिलं. “मालाची स्थिती?” मग पुतण्याला खालून वरपर्यंत न्याहाळून स्वतःच उत्तर दिलं, “जरा खराब.”

गेटपासची दोन पुस्तकं होती. परत येणाऱ्या मालाला पांढरं, कायमच्या जाणाऱ्याला गुलाबी. पांढऱ्या पासावर गेलेला माल सहापर्यंत आला नाही, की गेटावरून मालाच्या मालकाला फोन जायचा. देवेशचा मालक कोण, याबद्दल दिघाशीत कोणाला शंका नव्हती; दाजींना तर नव्हतीच.

“परत येनार का?” काकाने विचारलं.

“येनार की. दोन तासांत.” देवेशने गालावर हात ठेवला. मघाशी तो दुसऱ्या गालावर होता.

ड्रॉवर उघडून काकाने पुस्तक मांडीवर घेतलं, कार्बन सरळ केला आणि सगळं पुन्हा, सावकाश, वळणदार अक्षरात उतरवलं. पास फाडून, घडी घालून खिडकीतून पुढे केला.

“खाली सही लागते. माल ताब्यात घेणाऱ्याची.”

“मुदस्सिरची?”

“तुझी.”

देवेशने घडी उलगडली. कागद गुलाबी होता. त्याने वर पाहिलं, तर काका मुदस्सिरच्या टेम्पोचा नंबर वाचत होता. रोज चार वेळा येणारा टेम्पो, पण काका एकेक आकडा नीट वाचत होता.

देवेशने पेन टेकवलं. ते उठेना. दोनदा गिरवूनही उठेना.

“झटक जरा,” काका म्हणाला, आणि मागे न बघता गेटाचा दांडा वर करायला गेला.