कलम अकरा

फेब्रुवारी एकावन्नमध्ये कॉम्रेड पेत्कानोवांनी मला केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा त्यांच्या टेबलावर खिशात मावेल एवढा इंग्रजी-बल्गेरियन शब्दकोश उघडा पडला होता. पेत्कानोवांना इंग्रजी येत नव्हतं. मंत्रालयाच्या करार-अनुवाद कक्षाचे प्रमुख होण्याआधी ते तंबाखूच्या कारखान्यात कामगारांचे पुढारी होते.

शब्दकोशाशेजारी नद्यांवरच्या जहाज-वाहतुकीच्या कराराचा आमचा मसुदा होता. इंग्रजीतून बल्गेरियनमध्ये तो मी आणला होता आणि स्तोइमेन व्होदेनिचारोवांनी तपासला होता. सगळा कक्ष त्यांना बाय स्तोइमेन म्हणायचा; बाय म्हणजे काका. वय बहात्तर. जुन्या राजवटीत ते कायद्याचे प्राध्यापक होते, आता हिरव्या पेन्सिलीने आमच्या चुका दुरुस्त करत.

कलम अकरावर पेत्कानोवांनी बोट ठेवलं. इंग्रजीत तिथे ‘विदाउट प्रेज्युडिस टू’ असे शब्द होते. मी नवखी होते, वर्षभरापूर्वीच कामाला लागले होते. प्रेज्युडिस म्हणजे पूर्वग्रह, म्हणून मी लिहिलं होतं : ‘किनाऱ्यावरच्या गावांच्या मासेमारीच्या हक्कांविषयी पूर्वग्रह न ठेवता’. बाय स्तोइमेननी ते खोडून वर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘हक्कांना बाध न येता’. करारांच्या भाषेत त्या शब्दांचा अर्थ तोच. ते मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि माझ्या ‘पूर्वग्रहा’वर आम्ही दोघं हसलोही होतो.

पेत्कानोव म्हणाले, “कोशात पूर्वग्रह आहे. तुम्ही पूर्वग्रह लिहिलंत. म्हाताऱ्याने ते काढलं. का काढलं?”

मी म्हणाले, करारात त्याचा अर्थ वेगळा होतो.

“वेगळा म्हणजे कोशाच्या विरुद्ध?” त्यांनी कोश मिटला. “तुम्ही अमेरिकन शाळेत शिकलात, कॉम्रेड दोब्रिना. ते मी आजवर कुणाला आठवू दिलेलं नाही.”

मग त्यांनी मला काय लिहून द्यायचं ते सांगितलं. व्होदेनिचारोवांनी राज्याच्या कराराचा अर्थ जाणूनबुजून बदलला, आणि असा शब्दप्रयोग आपल्या कुठल्याही करारात नाही. शनिवारी दुपारी बारापर्यंत, सहीनिशी. तो दिवस गुरुवार होता.

मी जागेवर येऊन बसले. समोरचं टेबल रिकामं होतं. तिथे बसणारे फ्रेंचचे अनुवादक नोव्हेंबरात एक दिवस आले नाहीत, आणि त्यांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. बाय स्तोइमेनचीही खुर्ची रिकामी होती. त्यांना सकाळीच घरी थांबायला सांगितलं होतं.

शुक्रवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. जायला नको होतं. दोनदा ट्राम बदलली, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक माणूस पेपर वाचत उभा दिसला तेव्हा पुढे चालत राहिले आणि वळसा घालून मागच्या अंगणातून शिरले. त्यांच्या बायकोने, म्लादेनकाबाईंनी, मला लिंडनच्या फुलांचा चहा दिला. खुर्चीवर एक छोटी बॅग भरून ठेवलेली होती. वर लोकरीचे मोजे.

मी सगळं सांगितलं. बाय स्तोइमेन ऐकून घेत होते, मध्ये एकदा फक्त विचारलं, की कराराची अंतिम प्रत छपाईला गेली का. नाही म्हटल्यावर थोडे नाराज झाले.

“सही करून टाक, पोरी,” ते म्हणाले. “तू नाही केलीस तर दुसरं कुणीतरी करेल, आणि मग आपण दोघं आत जाऊ. घरी आई आहे तुझी.”

खरं सांगते, ते ऐकून मला सुटल्यासारखं झालं. इतकं, की चहा गोड लागला. मग म्लादेनकाबाईंकडे बघायची हिंमत होईना.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून मी जबाब लिहिला. पहिलं वाक्य लिहिलं. दुसऱ्या वाक्याशी अडले : असा शब्दप्रयोग आपल्या कुठल्याही करारात नाही. तपासल्याशिवाय ‘कुठल्याही’ लिहायचं नाही, ही सवय मला त्याच माणसाने लावली होती. सही खाली करून ठेवली आणि त्या वाक्यापुरती जागा मोकळी सोडली.

शनिवारी कचेरी उघडताच मी मंत्रालयाच्या ग्रंथालयात गेले. कलमाचा आकडा बघायचा आहे, असं सांगून अलीकडच्या करारांचे खंड मागितले. त्यांत एका पानावर इंग्रजी, समोर बल्गेरियन. तासाभरात तीन जागा सापडल्या. तिन्हीकडे ‘बाध न येता’. तिसरा करार तीन वर्षांपूर्वीचा होता, आणि खाली सही आमच्या आत्ताच्या मंत्र्यांची.

आनंद नाही झाला. आता मला माहीत होतं, आणि माहीत नव्हतं असं म्हणायची सोय उरली नव्हती.

पावणेबाराला मी जबाब आणि तिसऱ्या कराराचा खंड पेत्कानोवांच्या टेबलावर ठेवला.

“दुसरं वाक्य राहिलंय,” मी म्हणाले. “लिहायला गेले तर हे निघालं. आता व्होदेनिचारोवांनी मुद्दाम अर्थ बदलला असं आपण म्हटलं, तर हा करारही तसाच बदललाय म्हणावं लागेल. तसं लिहू का? वरून विचारलं तर कोशाचं पान मी दाखवेन. कोश तुमचा आहे.”

शेवटचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. ते बाहेर पडलं आणि मला वाटलं, संपलं.

पेत्कानोवांनी खंडातली मंत्र्यांची सही पाहिली. मग इंग्रजी पान पाहिलं, एकेक अक्षर जुळवत, बोट सरकवत. कपाळावर घाम आला. केबिनमधली शेगडी तर विझलेली होती. मला तोवर वाटायचं, की ही माणसं घाबरत नाहीत.

“हा खंड तुम्ही घेतलाय हे कुणाला माहीत आहे?” त्यांनी विचारलं.

“ग्रंथपालांना. नोंद करावी लागते.”

त्यांनी जबाबाची घडी घातली. मग म्हणाले, मसुदा आहे तसाच छपाईला जाऊ दे.

सोमवारी बाय स्तोइमेन कामावर आले. काही झालंच नाही अशा थाटात त्यांनी हिरव्या पेन्सिलीला टोक केलं. मी त्यांना जिन्यात गाठून सांगितलं, की जबाब मी लिहिला होता, खाली सहीही केली होती.

“मीच सांगितलं होतं ना,” ते म्हणाले आणि पुढच्या पायरीवर थांबले. “पण कुठे आहे तो कागद?”

ते मला माहीत नव्हतं. पेत्कानोवांनी तो परत दिला नव्हता. उन्हाळ्यात त्यांची बदली झाली आणि त्यांच्या टेबलाचा ड्रॉवर रिकामा निघाला. बाय स्तोइमेन पाच वर्षांनी आपल्या घरात, आपल्या पलंगावर वारले. मी त्या कक्षात पुढे एकतीस वर्षं काढली. केबिनमध्ये कुणी नाव घेऊन बोलावलं, की आत जाण्याआधी मी दर वेळी साहेबांच्या टेबलावर काय आहे ते दारातूनच बघून घ्यायचे.