खड्यातली पांढरी भेग

भिंगाखाली भेग पांढरी दिसत होती – स्वच्छ, कोरडी. जुन्या भेगेत तेल शिरतं, धूळ धरते, काळी रेघ उमटते. हिच्यात काहीच नव्हतं. घड्याळातल्या चक्राचा आस ज्यावर टेकतो, त्या मोहरीहून लहान माणकाचे दोन तुकडे... आणि एलायजाला मंगळवारचा तो आवाज पुन्हा ऐकू आला. खड्याभोवतीची पितळी कड उलगडताना त्याच्याच हातून झालेला, टच्, इतकाच.

नवा खडा त्यानेच बसवला होता, कड दाबून घोटली होती. चक्र अगदी सरळ फिरत होतं. खरं तर तिथेच संपायला हवं होतं. पण योखेवेदमावशी, तिकडे भारतात, ठाणे शहरात सोनारासमोर बसावं तशी, काउंटरपाशी ठाण मांडून होती – घडवायला दिलेल्यातलं जे काढाल ते परत द्यायचं, कणसुद्धा – आणि आता तुकडे रुमालावर घेऊन विचारत होती, हे कशानं झालं? नवऱ्याच्या मागे राहिलेलं घड्याळ. नुसतं मागे पडतं म्हणून तिने आणलं होतं.

दुकानाचा मालक हिलेल, त्याला मराठी येत नव्हतं, त्याने मान वर केली नाही. हिब्रूत म्हणाला, तिला सांग, आलं तेव्हाच तडकलेलं होतं. आवाज जवळजवळ मायेचा. तो आपल्यालाच सांभाळून घेतोय, हे एलायजाला कळत होतं, बी.एस्सी.चा कागद ट्रंकेत पडून, आणि इस्रायलमध्ये आल्यावर या रामल्यात आठ महिने वणवण केल्यावर मिळालेली ही एकच खुर्ची...

एलायजाने तेच मावशीला मराठीत सांगितलं. वाक्य सहज निघालं. भाषांतर तर होतं – माझं त्यात काय होतं?

मावशीने रुमालाची घडी घातली.

"म्हणजे सिपोरानंच आपटलं. माझी सून रे. देवाची शपथ घेऊन सांगत होती, हात नाही लावला. घड्याळ मागे पडायला लागल्यापासून दोन महिने मी तिच्याशी धड बोलले नाही, आणि आज सकाळी, खरंच बोलत असेल म्हणून, उगाच माफी मागून बसले."

तिने घड्याळ कानाशी धरलं, मग खाली ठेवलं.

"तू स्वतः पाहिलंस ना, एलायजा? तू शिकलेला माणूस."

"काय म्हणतेय ती?" हिलेलने विचारलं.

एलायजा दोघांच्या मधे, चिमटा हातात धरून. खुर्ची जाईल ही भीती मघापासून होतीच. पण तिला मागे सारून दुसरीच एक भीती पुढे आली होती, अनोळखी, थंड... की आता आपण जे काही बोलू, ते ही बाई खरं मानणार.