आत्याचं माप

वनमाला मॅडमनी सुकन्याचे दोन्ही खांदे धरून हलकेच मागे ओढले. पोरगी क्षणभर ताठ झाली आणि हात काढताच पुन्हा होती तशी वाकली.

तेलगावच्या शाळेत नववीच्या मुली गोल करून बसल्या होत्या. मुलींना स्वतःच्या शरीराची लाज वाटू नये, म्हणून मॅडम बीडहून दर शनिवारी येत. घरी काय म्हणून हिणवतात ते आज जिने तिने मोकळेपणी सांगायचं होतं. काळी, लुकडी, ढोली अशी एकेकीची नावं बाहेर पडली, आणि इतकी वर्षं जिव्हारी लागलेली ती नावं ऐकून मुलीच पोट धरधरून हसल्या. सुकन्या तेवढी हसली नाही. वर्गात सगळ्यांत उंच तीच, आणि अंग चोरून बसायची तीही तीच.

उंचीची कसली लाज, मॅडम म्हणाल्या. उंच मुलगी चारचौघींत उठून दिसते.

"तेच नको ना, मॅडम," सुकन्या म्हणाली. "मला लाज न्हाई वाटत. भ्याव वाटतंय."

मग तिने खाली बघतच सांगितलं. चौसाळ्याची अंजनाआत्या दर भाऊबीजेला तिला शेजारी उभी करून उंची मापते. माझ्या कानाला लागली की सून करून नेते, हे ती सुकन्या रांगत होती तेव्हापासून म्हणते. आधी सगळे हसायचे, सुकन्यासुद्धा. गेल्या भाऊबीजेला कुणी हसलं नाही. वडिलांनी बहिणीला शब्द दिला होता, आणि त्यांच्या घरी शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या दिवशी परकराच्या घोळाआड गुडघे वाकवून तिने कसंबसं निभावलं. यंदाची दिवाळी तोंडावर आली होती.

"आत्या वाईट न्हाई, लई माया करती," ती म्हणाली. "पर मला धावी करायचीय."

मॅडमनी अठरा वर्षांचा कायदा सांगितला. सुकन्याने मान डोलावली. कायदा तिला माहीत होता. आत्यालाही माहीत होता.

तेवढ्यात मुख्याध्यापक मोबाइल घेऊन आले. पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकायचा होता, म्हणजे तो वडिलांकडून आत्यापर्यंत जाणार होता. मुली माना वर करून भिंतीशी उभ्या राहिल्या. सुकन्या मागच्या रांगेत शिरली, तरी तिचं डोकं वर उरलंच.

"ए उंच पोरी, नीट ताठ उभी राहा," सर म्हणाले.

तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडम रांगेत घुसल्या आणि बरोबर तिच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"वाक," त्या मागे न बघता हळूच म्हणाल्या. "अजून थोडी."