तिसरं तोंड

आमच्या नकाशा कचेरीत मला सगळे डिंकताई म्हणतात. नावं चिकटवणारी मी. पातळ कागदावर छापलेलं नाव पट्टीसारखं कापायचं, मागून डिंकाचं बोट फिरवायचं आणि मूळ नकाशावर बसवायचं. नदी असेल तर तिच्या वळणाने, गाव असेल तर सरळ, डोंगर असेल तर शिखराच्या उजव्या अंगाला. सव्वीस वर्षं झाली. ही नोकरी मला ह्यांच्या जागी मिळाली.

हे मोजणीवाले होते. एका डोंगरावर गेले ते परत आलेच नाहीत. दरीत शोधलं, ओढ्यात शोधलं. दुर्बीण तेवढी सापडली. नकाशावर त्या डोंगराच्या नावाची जागा कोरी होती. साहेबांनी तिथे ह्यांचंच नाव देऊन टाकलं. पट्टी मी चिकटवली. कामावरचा दुसरा दिवस, हात बसलेला नव्हता, म्हणून शेवटचं अक्षर जरा खाली उतरलंय. लोक आपल्या माणसाला भेटायला कुठेकुठे जातात. मी जेवणाच्या सुट्टीत त्या नकाशाचा, चौदा नंबरचा खण ओढते.

गेल्या महिन्यात डोंगराखालच्या गावाचा अर्ज आला: आमच्या डोंगराला त्याचं जुनं नाव परत द्या. सुनावणी आमच्याच वरच्या मजल्यावर. नातेवाइकांची हरकत असली की प्रकरण तिथेच मिटतं, म्हणून मलाही बोलावलं. हरकतीचा कागद मी आदल्या दिवशीच लिहिला होता. सहाच ओळी, पण चांगल्या खणखणीत.

बाहेरच्या बाकावर गावाकडचे दोघंच होते, निवृत्त पोस्टमन आणि त्यांच्या वहिनी. जुनं नाव बाहेर उच्चारायचं नाही, अशी शिपायाची ताकीद. एकेकाला आत बोलावून विचारतात.

"एवढं चोरून तर आम्ही लग्नंही जमवली नाहीत," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कोणत्या डोंगराच्या?"

"तुमच्याच. ज्यांचं नाव दिलंय ना, त्यांची मी..."

"अगंबाई!" त्यांनी पिशवी उचलून मला जागा केली, जागा होती तरी. "आम्ही वाईट नाही हो."

"नाही, नाही."

"आमच्या गावातली पोरं तुमच्या ह्यांचंच नाव घेतात," पोस्टमन म्हणाले. "शाळेच्या नकाशात तेच आहे. जुनं आम्हा म्हाताऱ्यांपुरतं उरलंय."

रोज कुणीतरी ह्यांचं नाव घेतं! मला इतकं गोड वाटलं, की त्या दोघांकडे बघवेना.

ते आत जाऊन आले. मग माझी पाळी. सुनावणी घेणाऱ्या मॅडम वयाने माझ्यापेक्षा लहान, घाईत.

"बसा, डिंकताई. तुमच्या हरकतीची गरजच नाही. तीन तोंडांतून एकच नाव यायला हवं, यांच्याकडे दोनच आहेत. तिसरी बाई मागच्याच महिन्यात वारली म्हणे. अर्ज निकालात."

म्हणजे मी नुसतं उठून जायचं होतं.

तीन तोंडांचा नियम ह्यांना पाठ होता. डोंगरावर गेले त्या सकाळी बुटाची नाडी बांधत म्हणाले होते, "दोघांनी 'रुसकी आत्या' सांगितलंय. सगळ्या रांगेकडे पाठ करून बसलाय म्हणे तो डोंगर. वर एक मेंढपाळ राहतो, तेवढा तिसरा विचारून येतो." सुट्टीचा दिवस होता, मी फुगून भिंतीकडे तोंड करून बसले होते. "घरातही एक आत्या आहे," म्हणून हसले. मी वळून बघितलं नाही. दोन तोंडांवर नाव लिहिणारा माणूस नव्हता तो. म्हणून जागा कोरी राहिली.

"मॅडम, तिसरं मी सांगते," मी म्हटलं. "रुसकी आत्या."

मॅडमनी समोरचे दोन कागद पाहिले. मग मला पाहिलं.

"तुम्ही डोंगर बघितलाय तरी का?"

"नियमात 'डोंगर बघितलेला' असं म्हटलेलं नाही. 'नाव पूर्वीपासून ऐकलेला' असं म्हटलंय."

"ऐकलंत कुणाकडून?"

"मोजणीवाल्याकडून."

त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, दोनदा वाचलं. "ताई, पट्टी मग तुम्हालाच काढावी लागेल. दुसऱ्या कुणाला देऊ का?"

"नको. फाडून ठेवतील."

बाहेर वहिनींनी माझे दोन्ही हात धरले. त्यांची गाडीची वेळ झाली होती.

दुपारी ओला कापूस अर्धा तास पट्टीवर ठेवला. डिंक सुटला. पट्टी बोटाच्या पेराला चिकटून आली, अक्षरं उलटी. खाली कागद पांढराशुभ्र होता. काढलेलं नाव जवळ ठेवायचं नाही, टोपलीत टाकायचं, हाही नियमच. टाकलं.

पाचला झाडणाऱ्या मावशी आल्या, टोपलीकडे वाकल्या.

"आज राहू द्या मावशी," मी म्हटलं. "उद्या न्या."